खुर्च्या मांडणाऱ्याचे कागद

माझ्या आजाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी बदलापूर गावातल्या आमच्या घरात, तांदळाच्या पिंपामागं ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, विलायती संगीताच्या कार्यक्रमांच्या एकसष्ट पत्रिका होत्या. सगळ्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या. आता त्या आमच्या घरात नाहीत. कुळगावातल्या एका संगीतसभेच्या इमारतीत काचेखाली आहेत, आणि त्या कुणी जपल्या त्याचं नाव तिथं नाही. ते नाव माझ्यामुळं गेलं. ही गोष्ट मी लोकांना बऱ्याच तऱ्हांनी सांगून पाहिली आहे. सभेला शिव्या घालून सांगितली, जातीवर येऊन सांगितली, आणि त्यात थोडंथोडं खरंही आहे. पण सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून तेच आधी कबूल करते.

आजचं उल्हासनगर तेव्हा नव्हतं. त्या जागी गोऱ्या सैनिकांची छावणी होती. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच म्हणतात, ते त्या छावणीचे. बराकी होत्या आणि बराकींच्या मध्ये एक मोठा हॉल होता. सैनिकांत काही जण वाजवणारे असायचे, कुणी पियानो, कुणी व्हायोलिन. पुढं लढाईवर जायचं म्हणून छावणीत थांबलेली ती माणसं शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये त्यांचं शास्त्रीय संगीत वाजवायची आणि बाकीची समोर बसून ऐकायची. प्रत्येक कार्यक्रमाची एक पत्रिका निघायची. वीतभर कागद, एकाच बाजूला छापलेला: तारीख, काय वाजणार, कोण वाजवणार. माझा आजा तिथं खुर्च्या मांडायच्या कामाला होता. बदलापूर गावातून अंबरनाथवरून चालत जायचा.

खुर्च्या मांडणं हे काम ऐकायला सोपं आहे. आजा ते सोपं समजत नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणायची, खुर्चीचे पुढचे पाय सुतळीला लावायचे, दोन खुर्च्यांत चार बोटं अंतर ठेवायचं. खुर्च्या लोखंडी, घडीच्या. बसलेला जरा हलला की फरशीवर करकरायच्या. व्हायोलिन चालू असताना खुर्ची करकरली की साहेब मागं वळून बघायचा, आणि बघायचा तो खुर्चीवरच्या माणसाकडं नाही, दाराशी उभ्या असलेल्या आजाकडं. म्हणून आजानं सगळ्या खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. त्यासाठी घरातली जुनी लुगडी फाडली, आणि त्यावरून आजीनं जे भांडण केलं ते माझ्या बाबांना तोंडपाठ होतं.

कार्यक्रम संपला की पत्रिका जमिनीवर पडलेल्या असायच्या, बुटांचे ठसे उमटलेल्या. त्या गोळा करून जाळायच्या असा हुकूम होता. आजा जाळायचा, पण त्यातली एक बरी बघून बंडीच्या खिशात घालायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. बाबांचं म्हणणं असं, की छापलेला कागद विस्तवात टाकायला त्याचा हात धजायचा नाही. आपल्याला वाचता येत नाही म्हणून कागदाचा काय गुन्हा, असं त्याला वाटत असावं.

घरी आल्यावर तो त्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारायचा. एक रेघ म्हणजे खुर्च्यांची भरलेली एक रांग. पाच रेघा झाल्या की आडवा फराटा. पुढच्या शनिवारी किती रांगा लागतील याचा अंदाज बांधायला.

मी लहान असताना बाबा कधीमधी ट्रंक उघडायचे आणि त्या पत्रिका ओळीनं चटईवर लावायचे. पालथ्या. छापील बाजू आमच्या घरात कुणी वाचत नव्हतं. बाबा रेघा वाचायचे. "इथं वीस रांगा," ते बोट ठेवून सांगायचे, "इथं वीस. इथं बघ, नऊ. बाकीचे ब्रह्मदेशात गेले." पुढच्या कागदावर पुन्हा सतरा रांगा असायच्या, म्हणजे नवी माणसं आली. मग पुन्हा अकरा. नऊ रांगांच्या त्या शनिवारी आजानं सवयीनं वीस मांडल्या होत्या आणि अकरा रांगा रिकाम्या राहिल्या, असं बाबा सांगायचे. साहेब त्या दिवशी त्याच्यावर ओरडला नाही, नुसता रिकाम्या खुर्च्यांकडं बघत उभा राहिला. महायुद्ध मी शाळेच्या पुस्तकात फार नंतर वाचलं. त्याआधी ते मला चटईवर, रेघांनी कळलं होतं.

छापील बाजू मी वाचली ती बारावीनंतर, आणि माझा विरस झाला. नुसती नावं होती, आणि त्यातली बरीचशी जर्मन. मी बाबांना सांगितलं की हे गोरे, ज्यांच्याशी लढाई चालू होती त्यांच्याच माणसांची गाणी वाजवत बसायचे. बाबांना त्यात नवल वाटलं नाही. आपणही वाजवतच होतो की, म्हणाले. ते खरं होतं. गावात कुणाचं लग्न असो, पालखी असो, वाजवायचं काम आमच्या आळीचं, आणि वाजवून झालं की अंगणाबाहेर उभं राहायचं. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा आजाच्या थोरल्या भावानं घरातला डफ उल्हास नदीत सोडला. त्यानंतर आमच्या घरात वाद्य आलं नाही. आजाही पुढं अंबरनाथच्या एका कारखान्यात हमालीला लागला. ट्रंक मात्र राहिली.

दोन हजार पाच सालच्या जुलैच्या पुरात नदी आमच्या घरात छातीपर्यंत आली. बाबा सत्तरीला टेकलेले, गुडघे गेलेले, तरी त्यांनी आधी ट्रंक माळ्यावर चढवली आणि मग आम्हाला हाक मारली. वारलेल्या आईचे सगळे फोटो त्या दिवशी गेले. त्यावरून मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना ते म्हणाले, आता हे कागद या घरात टिकायचे नाहीत, कुणा जाणत्याच्या हाती देऊ. फक्त माझ्या बापाचं नाव त्याच्यावर पाहिजे. एवढी एकच अट त्यांनी घातली. आयुष्यात त्यांनी माझ्याकडं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

जाणते शोधायचं काम माझं. मी उल्हासनगरला एका शाळेत लिपिक होते. कुळगावातली ती संगीतसभा नवीन इमारत बांधत होती, तिथं परिसराच्या संगीत परंपरेचं एक दालन होणार असं पेपरात आलं होतं. मी फोन केला. त्यांचे चिटणीस, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, दुसऱ्याच दिवशी घरी आले.

मला त्यांचा राग आहे, तो मी लपवत नाही, पण त्या दिवशी त्यांच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, चहा घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतला. पत्रिका हातात घ्यायच्या आधी रुमालानं हात पुसले. एकेक पत्रिका बघताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. एवढ्याशा छावणीत हे वाजत होतं, असं तीनतीनदा म्हणाले. छापील बाजू त्यांना वाचता येत होती, नुसती वाचता नव्हे, ते एखादी ओळ वाचून हळूच गुणगुणायचे. एकही पत्रिका त्यांनी उलटून बघितली नाही. मी दाखवलीही नाही. बाबा तेव्हा मागच्या अंगणात ट्रंक उन्हाला लावत होते.

मग त्यांनी विचारलं, आजोबा छावणीत नेमके कशात होते? आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "कारकून असतील ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. त्या एका शब्दावर मी पुढं फार विचार केला आहे. दुसरं कुणी असतं तर आजाला हवालदार केलं असतं, बँडमास्तर केलं असतं. मी कारकून केलं, कारण कारकून ही आमच्या घराण्यात कुणी गाठलेली सगळ्यात उंच पायरी होती आणि तिच्यावर मी उभी होते. रोज इस्त्रीची साडी नेसून टेबलामागं बसणाऱ्या बाईचा आजा खुर्च्या उचलत होता हे त्या रुमालानं हात पुसणाऱ्या माणसाला सांगायचं माझ्या जिवावर आलं. आमची वाजवणाऱ्यांची आळी आहे हे त्यांना ठाऊक असणारच, निदान यात तरी आम्ही बरे दिसू, असं काहीतरी मनात होतं. त्यांनी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यानं मला बरं वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे.

पत्रिका देण्याआधी त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवाव्यात एवढी अक्कल मला होती. शाळेजवळ, कॅम्प नंबर चारला, एका सिंधी माणसाचं दुकान होतं. त्यानं पहिला कागद काचेवर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, दोनों साइड?"

"नहीं," मी म्हटलं, "पीछे कुछ नहीं है।"

त्यानं कागद उलटून पाहिला, रेघा पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं. गिऱ्हाइकाशी कोण वाद घालतो. त्यानं एकसष्ट पत्रिकांच्या फक्त छापील बाजू काढून दिल्या.

सभेनं एक फॉर्म पाठवला होता. मूळ संग्राहकाचं नाव, व्यवसाय, वस्तू त्यांच्याकडं कशी आली. फॉर्म भरणं हा माझा धंदा. सुंदर अक्षरात मी आजाचं पूर्ण नाव लिहिलं, व्यवसायासमोर लिहिलं 'कारकून, लष्करी छावणी', आणि कशी आली याच्यासमोर 'कामानिमित्त हाताळलेली कागदपत्रे'. खाली सही केली. बाबांना फॉर्म दाखवला नाही. नाव लिहिलंय ना, त्यांनी विचारलं. लिहिलंय, मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

दालनाच्या उद्घाटनाला बाबांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आम्ही तासभर आधीच पोचलो. दालनात भिंतीला लागून लांब काचपेटी होती, आत जाड पुठ्ठ्यांवर पत्रिका चिकटवलेल्या, सगळ्या छापील बाजू वर करून. शेवटी छोटी पाटी. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, मराठी सावकाश वाचायचे. ते पाटीपुढं बराच वेळ उभे राहिले. आधी नाव बघून त्यांचा चेहरा उजळला, मग ओठ हलत हलत पुढच्या शब्दावर आले.

"कारकून कोण?" त्यांनी मला विचारलं.

तसं लिहावं लागतं, मी म्हटलं. 

बाहेर हॉलमध्ये मंडपवाल्यानं प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती आणून टाकल्या होत्या आणि सभेचे दोन कार्यकर्ते त्या कशाही मांडत होते. चिटणीस स्टेजवरून उंटावरून शेळ्या हाकत होते, ही रांग वाकडी, ती मागं घ्या. पाहुणे यायची वेळ झाली होती. बाबा सरळ तिकडं गेले. मंडपवाल्याच्या माणसाकडून सुतळी मागून घेतली, एका खांबाला बांधली, दुसऱ्या खांबापर्यंत ताणली, आणि गुडघे दुखत असताना वाकून वाकून खुर्च्या सुतळीला लावायला लागले. दोन खुर्च्यांत चार बोटं. ते कार्यकर्तेही मग गुपचूप त्यांच्या हाताखाली राबायला लागले. चिटणिसांनी त्यांना ओळखलं नाही. मंडपवाल्याचाच माणूस समजून म्हणाले, काका, पहिली रांग जरा मागं घ्या.

मी दालनाच्या दारात उभी होते. पुढं होऊन हे माझे वडील आहेत असं म्हणायला दोन पावलं लागली असती. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

बाबा ताठ झाले. आवाज न चढवता, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "रांग बरोबर आहे. माझा बाप छावणीत हेच काम करायचा. तुमच्या त्या काचेखालच्या पत्रिका त्यानं खुर्च्यांखालून वेचल्या, त्याच खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधून." एवढं सांगून ते पुन्हा वाकले आणि राहिलेली रांग पुरी केली.

चिटणिसांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. पुढं उद्घाटन झालं, नारळ फुटला, भाषणं झाली. बाबा शेवटच्या रांगेत बसले. मला चिटणिसांनी दुसऱ्या रांगेत जागा राखून ठेवली होती, मी तिथं बसले.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "माझ्या बापाला त्या कामाची कधी लाज वाटली नाही. तुला कशाची वाटली?"

मी उलट भांडले. त्या लोकांत कसं बोलायचं तुम्हाला कळत नाही, सगळ्यांपुढं माझी शोभा केलीत, असं बरंच. ते बाहेर बघत राहिले.

पंधरा दिवसांनी सभेतून फोन आला. मी गेले तर काचपेटीतली पाटी बदललेली. तिच्यावर दोन शब्द होते: संग्राहक अज्ञात.

चिटणीस सभ्य माणूस, त्यांनी मला बसवून समजावलं. मी लिहून दिलेलं एक आणि माझ्या वडिलांनी सांगितलेलं दुसरं, दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून समितीनं तूर्त असं ठरवलंय. मी म्हटलं, वडिलांचंच खरं आहे, मी चुकीचं लिहिलं, पाटी दुरुस्त करा. त्यावर ते जरा अडखळले. समितीत एकदोघांना अशी शंका आहे म्हणाले, की खुर्च्या मांडणाऱ्याकडं छावणीचे कागद आले कसे? कारकुनाच्या हातात ते रीतसर येतात. हे असं असेल तर वस्तू कुठून आली हा प्रश्न उभा राहतो, आणि संस्थेला ते अडचणीचं होतं.

म्हणजे कारकुनानं नेले तर संग्रह आणि खुर्च्या मांडणाऱ्यानं नेले तर चोरी. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं.  जाळायला दिलेले कागद होते, म्हटलं, त्यानं वाचवले नसते तर तुम्ही आज काचेखाली राख ठेवली असती. ते मान खाली घालून म्हणाले, मला पटतंय हो, पण पुरावा काय?

पुरावा होता. एकसष्ट कागदांच्या पाठीवर एकसष्ट वेळा मारलेल्या रेघा होत्या. कारकून अंक लिहितो, रेघा मारत नाही. दर शनिवारी हॉलमध्ये किती रांगा लागल्या हे खुर्च्या मांडणाऱ्याशिवाय कोण मोजणार? मी म्हटलं, पेटी उघडा, पत्रिका उलटून बघा. चिटणिसांचा चेहरा पडला. पत्रिका पुठ्ठ्यावर पक्क्या चिकटवल्या होत्या, पूर्ण पाठीला खळ लावून. पुराचे कागद, ओल लागलेले, सुटे राहिले तर वाकतील म्हणून त्यांनी स्वतः लक्ष घालून ते काम करून घेतलं होतं. शंभर वर्षं हलणार नाहीत, असं उद्घाटनाच्या भाषणात अभिमानानं सांगितलंही होतं. आता काढायला गेलं तर फाटतील. मागच्या बाजूला काही आहे हे तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, ते म्हणाले. झेरॉक्स आहेत का?

झेरॉक्स होत्या. छापील बाजूच्या.

वडिलांना आणते, ते सांगतील, म्हटलं, तर ते म्हणाले, तोंडी माहितीपेक्षा लेखी महत्त्वाची, आणि लेखी तुमच्याच सहीचं आहे. हे वाक्य माझं होतं. शाळेत टेबलामागं बसून मी ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. पोराचं नाव दाखल्यावर एक आणि आई सांगते भलतंच, की मी म्हणायची, कागदावर असेल तेच धरलं जाईल. कितीतरी बायका माझ्या टेबलासमोरून तशाच परत गेल्या असतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्ज मात्र मी केले. तीन केले, नोंद घेतली आहे अशी उत्तरं आली. ते 'तूर्त' अजून संपलेलं नाही.

बाबांना मी काय सांगितलं? सांगितलं की पाटी दुरुस्त होतेय. काही महिन्यांनी त्यांनी विचारलं, झाली का? मी म्हटलं, झाली. नाव आहे, खुर्च्या मांडायचे तेही लिहिलंय. तेव्हा मला वाटलं, मी त्यांना सुख देते आहे. खरं तर मला त्या विचारण्यातून सुटका हवी होती. गुडघ्यांमुळं ते आता स्टेशन ओलांडून कुळगावात जात नव्हते, आणि साखरेनं डोळे अधू होत चालले होते. कोण बघायला जातंय, असा माझा हिशोब.

पण त्यांनी ते आळीभर सांगितलं. विहारात सांगितलं, पारावर बसणाऱ्यांना सांगितलं. माझ्या बापाचं नाव संगीतसभेत लागलंय, हॉलमध्ये खुर्च्या मांडायचा असं लिहून लागलंय. लोक चांगलं म्हणायचे. कुणी तिकडं जाऊन बघितलं नाही. संगीतसभेत आमच्या आळीतलं कोण जाणार?

एका हिवाळ्यात त्यांनी हट्ट धरला. आता डोळ्यांपुढं नुसत्या सावल्या राहिल्यात, त्याही जायच्या आत एकदा मला तिथं ने. मी टाळाटाळ केली, दालन बंद असतं म्हटलं, दुरुस्ती चालू आहे म्हटलं. शेवटी एका दुपारी ते काठी घेऊन एकटेच दारापर्यंत गेले, तेव्हा मी रिक्षा बोलावली.

दालनात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी त्यांना काचपेटीच्या कडेपर्यंत नेलं. त्यांनी हातानं पेटी चाचपली, टोकापर्यंत सरकत गेले, पाटी कुठं आहे ते त्यांना आठवत होतं. तिथं थांबले आणि म्हणाले, वाच.

मी वाचलं. आजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, सावकाश. पुढं म्हटलं, लष्करी छावणीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडण्याचं काम करत. या पत्रिका त्यांनी जपल्या. माझं वाचन चांगलं आहे, शाळेत पंधरा ऑगस्टला सूचना मीच वाचते. आवाज कुठं अडखळला नाही.

बाबा वाकले. नाक काचेला टेकेपर्यंत वाकले आणि आधी एक डोळा लावून, मग दुसरा लावून पाहिलं. अक्षरं त्यांना दिसत नव्हती, पण पांढऱ्यावर काळं कुठपर्यंत आहे एवढं दिसत होतं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि ते काळं संपलं तिथपर्यंत सरकवलं. बोट दोन इंचसुद्धा सरकलं नाही.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं, तितकंच सगळं. त्यांचं बोट तिथंच होतं.

"तू म्हणतेस ते मी ऐकलं," ते म्हणाले. "तिथं आहे का, ते सांग."

मी म्हटलं, "नाही."

ते वाकलेले तसेच राहिले. मला वाटलं रागावतील, मला हवंच होतं ते. मग काचेवरचं बोट काढून त्यांनी काठी चाचपली आणि दाराकडं वळले.  रिक्षात मी दोनदा बोलायला सुरुवात केली, तिसऱ्यांदा केली नाही.

आळीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा पारावर चारपाच जण बसले होते. बाबा आज तिकडं जाऊन येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, सकाळीच त्यांनी सांगून ठेवलं होतं. एकानं विचारलं, काय, बघितलं का बापाचं नाव?  माझा बाप उभ्या आयुष्यात खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. छावणीतल्या खुर्च्यांबद्दल नाही, नदीत सोडलेल्या डफाबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. ते काठीवर दोन्ही हात ठेवून थांबले. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली.

"आहे," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात आहे. पोरीनं वाचून दाखवलं."